सुमनची पेटी आणि माझी राखण

त्या दिवशी सकाळीच ऊन असं तापलं, की कोंबड्यासुद्धा अंगण ओलांडायला तयार नव्हत्या. आमच्या आंजी गावच्या उन्हात माणसाचं डोकं चालत नाही, हे माझं कारण मी आधीच सांगून ठेवतो. आता ऐका माझी फजिती!

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझी सुमन सातवीत. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, सरपणासाठी तुमच्या आया रानोमाळ फिरतात, त्यावर काही करून दाखवा. सुमननं एक पेटी केली. आतून काळी, वर काच, झाकणाला आरसा. जमली तर वर्ध्याच्या प्रदर्शनात जायचं. पोरीनं वर्धा पाहिलं नव्हतं हो!

पेटी अंगणात ठेवून ती म्हणाली, "बाबा, यात खिचडी हाय. दुपारी बाई येऊन खातीन. मी शाळेत चालली, लक्ष ठेवजा."

"जाय माय, बिनघोर जाय!"

आता मला काय ठाऊक, खिचडी अजून त्या पेटीत उन्हावरच शिजायची आहे? चूल नाही, धूर नाही! मी समजलो, तयार खिचडी पोरगी भर उन्हात ठेवून गेली.

काचेला बोट लावलं. बाप रे, चटका! म्हटलं, अन्न आंबणार, बाईंचं पोट बिघडणार आणि पोरीचं वर्धा राहणार. उचलली पेटी, नेली गोठ्यात सावलीला. तरी जीव राहीना. वर ओलं पोतं टाकलं.

शेजारच्या शेवंताबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय करून राह्यले भाऊजी?"

"अन्न जपून राह्यलो!"

मग सुपानं वारासुद्धा घातला!

दुपारी बाई आल्या, मागं अर्धी आळी. सुमननं पोतं काढलं, काच उघडली. पाण्यात डाळ-तांदूळ. गारेगार! तांदूळ तेवढे जरा फुगलेले.

"बाबा…" सुमनचे डोळे भरले. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी सगळं सांगून टाकलं. बाई हसू आवरत म्हणाल्या, "सुमन, ऊन अजून बाकी आहे. लाव पेटी."

सूर्य सरकेल तशी पेटी फिरवायचं काम मी मागून घेतलं. आरसा कसा धरायचा, ते लेकीनं हाताला धरून दाखवलं. आणि ऊन उतरायच्या आत काचेवर वाफ धरली! खिचडी मऊसूत. बाई म्हणाल्या, "वर्ध्याची तयारी कर." सुमननं पहिला घास मलाच भरवला.

जणू मीच शिजवली, अशा ऐटीत मी घाम पुसत होतो. तेवढ्यात शेवंताबाई जवळ आल्या.

"भाऊजी, उद्या सुमन माह्या अंगणात पेटी लावून देणार हाय. तुम्ही मात्र सकाळीच वावरात जाजा, अन् दिवस बुडाल्यावरच येजा!"