हँडब्रेकजवळचं बटण

राजेश घाडी ज्या गाडीवर ड्रायव्हर आहे, तिला तिचा मालक निहार ‘कॅराव्हॅन’ म्हणतो आणि राजेश ‘खोली’ म्हणतो. जिन्यात भेटला की सांगतो, ‘उद्या खोली घेऊन अलिबागला जातोय, बाई.’ नाव काही चुकीचं नाही. मोठ्या टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेली ती खरोखरच एक खोली आहे. समोरासमोर दोन बाक, ते ओढले की पलंग होतो. एक वीतभर ओटा, छोटा फ्रिज, आणि मागे उभं राहून अंघोळ करता येईल एवढी मोरी. लोक ती भाड्याने घेतात, समुद्राकाठी किंवा धरणाकाठी नेऊन उभी करतात, मजा करतात आणि परत येतात. राजेश पुढच्या सीटवर असतो. रात्री पाहुणे पलंगावर झोपतात तेव्हाही तो पुढच्या सीटवरच असतो, पाय डॅशबोर्डला टेकवून.

बोरीवली पूर्वेला आमच्याच इमारतीत तो राहतो. त्याची मुलगी दीप्ती माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्याच्यासाठी अजून ‘बाई’ आहे. साठीला टेकलेला, बारीक अंगाचा, कुठेही झोपू शकणारा माणूस. पालकसभेला तो नेहमी यायचा आणि मागच्या बाकावर बसून शांतपणे झोपायचा. मी कधी उठवलं नाही. सावंतवाडीहून बोरीवलीला परतणारी रात्रीची खासगी बस चालवून तो सकाळी थेट शाळेत आलेला असायचा. पण यायचाच.

त्याचे वडील धाकू गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते गावी परतले, कारण गावात त्यांच्यासाठी काम होतं. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान घाडींच्या घराकडे आहे. कोकणात कुठलंही कार्य सुरू करताना देवाशी मोठ्याने बोलतात, ते गाऱ्हाणं. एकाने बोलायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. धाकूंनी मुलाला त्याचे दोन नियम शिकवले होते. अडचण असेल ती देवापासून लपवायची नाही, आणि तोंडातून सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्येच सोडायचं नाही.

राजेश गावी परतला नाही, पण गाऱ्हाणं त्याच्याबरोबर राहिलं. बस सुटण्याआधी तो स्टिअरिंगवर हात ठेवून उभ्या बसला ऐकू जाईल असं गाऱ्हाणं घालायचा आणि गावाला निघालेले सगळे चाकरमानी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. त्याच्या हातून कधी कुणाला ओरखडा आला नाही. ते आपल्या हातामुळे की त्या होकारामुळे, याचा त्याने विचार केला नव्हता. मग पाठ दुखायला लागली, बसची नोकरी सुटली आणि निहारची खोली आली. खोलीतले पाहुणे गाणी लावूनच चढायचे. राजेश ओठातल्या ओठात गाऱ्हाणं म्हणायचा आणि ‘व्हय म्हाराजा’ही स्वतःच म्हणायचा. ‘एकट्यानं बरा वाटणा नाय,’ असं एकदा तो जानकीला म्हणाला होता. जानकी म्हणजे त्याची बायको. पुढचं बरंचसं मला तिच्याकडूनच कळलं.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला. दिवसा चालून जायचं, पण सांज झाली की समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरायचे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जानकी रोज मागे लागली. तो रोज उद्यावर ढकलायचा, कारण ऑपरेशन म्हटलं की निहारला सांगणं आलं. निहारला सांगितलं की बदली ड्रायव्हर येणार, आणि आलेला तरणा ड्रायव्हर पुन्हा जातो कशाला? एवढं त्याचं गणित होतं. जानकीखेरीज हे ठाऊक होतं फक्त रतनला.

रतन जोगेश्वरीला गाड्यांमध्ये साउंड सिस्टिम बसवतो. मूळचा वाशीमकडचा, बौद्ध घरातला. पोरवयात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या ट्रकवर भोंगे बांधता बांधता हे काम शिकला. राजेश बसवर होता तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. रतन देव मानत नाही आणि राजेश त्याला देव मानायला सांगत नाही, त्यामुळे भांडायला विषय भरपूर असतात.

निहारने त्या थंडीत सिस्टिम बदलायचं ठरवलं, त्याला थोडेफार आम्हीही जबाबदार होतो. निवृत्त शिक्षकांचा आमचा एक कराओके गट आहे. आम्हाला केळव्याच्या किनाऱ्यावर एक मुक्काम करायचा होता आणि गाडीत गायचं होतं. जुन्या प्लेअरला दारातले दोन स्पीकर होते, त्यातला एक खरखरायचा. निहार म्हणाला, हल्ली प्रत्येक गट माइक आहे का विचारतो. त्याने यादी केली आणि राजेशला जोगेश्वरीला पाठवलं. छतात चार स्पीकर, बाकाखाली सबवूफर, अ‍ॅम्प्लिफायर, त्यासाठी वेगळी बॅटरी, पाहुण्यांसाठी दोन बिनवायरचे माइक. आणि ड्रायव्हरसाठी डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेला एक छोटा माइक, म्हणजे ‘दहा मिनिटं चहाला थांबतोय’ हे मान वळवून ओरडावं लागणार नाही.

गाडी रतनच्या दुकानासमोर लागली. त्याने आधी छताची प्लाय उतरवली, स्पीकरच्या वायरी एका बाजूने आणि बॅटरीच्या दुसऱ्या बाजूने ओढल्या. एकत्र नेल्या तर इंजिनाची शिट्टी गाण्यात येते. पण खरा वैताग पुढे होता. सबवूफर वाजवला की फडताळातल्या ताटल्या वाजायच्या. ताटल्यांखाली रबर घातलं तर फ्रिजचं दार, त्याला पट्टी लावली तर मोरीची कडी. ही गाडी घरासारखी, आणि घरात वाजायला वस्तू फार. रतनने राजेशला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. पडून राहा आणि कुठून आवाज येतो ते सांग. खोलीच्या पलंगाला राजेशची पाठ पहिल्यांदाच लागत होती.

त्याआधी चहा पिताना राजेशने आपली मागणी सांगून ठेवली होती. निघताना गाणी थोडा वेळ गप्प करता येतील असं काहीतरी दे.

‘कशाला? तुझं ते गाऱ्हाणं?’ रतन म्हणाला. ‘तुझा देव ब्लूटूथवर आहे का रे? डायरेक्ट जोडून देतो.’

‘तू जोड. तो उचलील.’

‘देवासाठी नाही देत हां. तुझ्यासाठी देतो. आणि डोळ्याचं कधी करतोयस?’

राजेशने कप धुवायला घेतला.

रतनने हँडब्रेकजवळ एक मोठं बटण बसवलं आणि त्यावर रबराचा उंचवटा चिकटवला, म्हणजे न बघता बोटाला लागावं. बटण दाबलं की गाणी बंद, आणि त्याच क्षणी ड्रायव्हरचा माइक चालू. दोन बटणं दिली तर हा एक शोधत बसणार, चालत्या गाडीत, त्या डोळ्याने. म्हणून एकच. हे सगळं रतनने नीट समजावून सांगितलं. तो वायरिंगमध्ये डोकं घालून पुढून बोलत होता आणि मागून ‘हूं, हूं’ येत होतं. ‘बटण दाबलं की गाणी बंद,’ एवढ्यावर राजेश पोचला आणि पुढे पलंगावर त्याला झोप लागली. ‘हूं’ तो झोपेतही म्हणतो. पालकसभेत मी ते अनुभवलेलं होतं.

आमची सहल डिसेंबरात निघाली. सकाळी आमच्या फाटकाशी खोली येऊन उभी राहिली. निहार नवी सिस्टिम दाखवायला स्वतः आला होता. त्याने गाणं लावलं, बाकाखालून धडधड सुरू झाली आणि माझ्या शेजारी बसलेल्या जयंतीने छातीवर हात ठेवला. जयंती आमच्या शाळेत कवायत शिकवायची. मूळ कुडाळची. राजेश काचा पुसत होता. जानकी वरून खाली आली होती. ती आमच्याशी बोलत होती, पण बघत होती त्याच्याकडे. परतीला आम्हाला दुसऱ्या दिवशीचा सूर्यास्त बघून निघायचं होतं, म्हणजे अख्खा महामार्ग अंधारात. त्या दोघांना हे ठाऊक होतं. आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं.

राजेश सीटवर बसला. त्याने बटण दाबलं. गाणं थांबलं आणि बरं वाटावं इतकी शांतता झाली. आणि मग छतातून, चारी बाजूंनी, त्याचा हळू आवाज आला.

‘बा देवा रवळनाथा, आज ह्या तुझा लेकरू गाडी घेवन भायर पडता. गाडयेत बसलली माणसां वयान मोठी आसत. त्येंका हातापायान धड ने आणि धड परत हाड, रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ जयंती म्हणाली. विचार करून नव्हे. कुडाळच्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंडातून ते निघतंच. आम्हाला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. दारात उभा असलेला निहार हसला, त्यालाही तसंच वाटलं असावं.

राजेशने डोळे उघडले. आरशात मला त्याचा चेहरा दिसला. त्याने वर छताकडे पाहिलं, मग झडपेच्या माइककडे, मग हँडब्रेकजवळच्या आपल्या हाताकडे. काय झालंय ते त्याला कळलं होतं. त्याचं बोट अजून बटणावरच होतं. पुन्हा दाबलं असतं तरी चाललं असतं. आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या आणि निघालो असतो.

त्याने डोळे पुन्हा मिटले.

‘वाटेर काय वाकडातिकडा आसात तर ता बाजूक सार, रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’ आता आम्ही सगळेच म्हणालो.

‘माझ्या उजव्या डोळ्यार पडदो इलो हा. सांज झाली की समोरचो दिवो फुटान पसारता, रस्तो दिसणा नाय. मालकाक मी ह्या सांगूक नाय. लपवलंय. ता तुझ्या पायाकडे ठेवतंय. ह्या खेपेपुरतो तू माझो डोळो हो, रे म्हाराजा.’

आम्हा बऱ्याच जणांना मालवणी नीट येत नाही, पण यात न कळण्यासारखं काही नव्हतं.  नवीन स्पीकर इतके स्वच्छ होते की राजेशचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. खाली फाटकाशी जानकीने पदर तोंडाशी धरला होता.

बऱ्याच वेळाने जयंती एकटीच हलक्या आवाजात म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’

राजेशने किल्ली काढली. खाली उतरला आणि ती निहारपुढे धरली. निहार तिशीतला मुलगा. त्याला राग आला होता, आणि तो राग कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. त्याने विचारलं, किती दिवस? राजेश म्हणाला, पावसाळ्यापासून. रात्रीच्या किती ट्रिपा झाल्या असतील हे निहार मनात मोजत असावा. त्याचा चेहरा उतरला.

‘काका, मला सांगायचं होतं ना.’

‘सांगूचा होता,’ राजेश म्हणाला. ‘जमला नाय.’

निहारने दोन फोन केले, आपली दोन दिवसांची कामं मोडली आणि स्वतः चालवायला बसला. राजेशने घरी जावं असं त्याला वाटत होतं. जयंतीने ऐकलं नाही. गाऱ्हाणं घातलेला माणूस गाडीत पाहिजे, असं तिने कवायतीच्या आवाजात सांगितलं आणि राजेशला हाताला धरून मागच्या पलंगावर नेलं. विरारपर्यंत तो अंग चोरून बसला होता. मग कलंडला. आम्ही गायलो. गायलो म्हणजे सुरुवातीला गावंसं कुणाला वाटेना, पण माइक हातोहात फिरला की होतं ते. सबवूफर त्याच्या कानाखालीच धडधडत होता. ताटल्या वाजत नव्हत्या, रतनचं काम चोख होतं. राजेश केळव्यापर्यंत उठला नाही. मध्येच एकदा आमच्यातलं कुणी ‘आवाज कमी करू का?’ म्हणालं, तर झोपेतून ‘हूं’ आलं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून तो खाली बाकावर बसायचा. रतन भेटायला यायचा आणि त्याला शिव्या घालायचा. झोपलास कशाला मेल्या, मी भिंतीशी बोलत होतो का? निहारने मधल्या काळात सर्वेश नावाचा तरणा ड्रायव्हर ठेवला. राजेशचं गणित अगदीच चुकलं नव्हतं. तो परत कामावर गेला तेव्हा सर्वेश होताच. आता रात्रीच्या आणि लांबच्या ट्रिपा सर्वेशच्या, दिवसाच्या आणि जवळच्या राजेशच्या. मिळकत कमी झाली. मी विचारलं, मनाला लागलं का? तो म्हणाला, लागलं. मग म्हणाला, पण बाई, आता रात्री घरी झोपतो.

रतनने बटणं वेगळी करून द्यायची तयारी दाखवली होती. गाण्यांचं एक, माइकचं एक. डोळा आता ठीक आहे, शोधता येईल. राजेशने नको म्हटलं. मला वाटलं होतं, तो घाईने हो म्हणेल. आता गाडीतले पाहुणे त्याचं गाऱ्हाणं ऐकतात. गुजराती कुटुंबं असतात, कॉलेजची मुलं असतात. काही जण मोबाइल काढून रेकॉर्ड करतात, काही हसतात. मी ते त्याला सांगून पाहिलं.

‘हसूं देत,’ तो म्हणाला. ‘हसत हसत पण व्हय म्हणतत.’