कुशल आहेत

माजी विद्यार्थी कक्षातल्या बाईंना सगळं विद्यापीठ 'कुशलबाई' म्हणायचं, तेही तोंडावर. बाईंना त्याचा राग नव्हता. जिन्याखालच्या खोलीत एकतीस वर्षं बसून त्यांनी एकच काम केलं होतं. शिकून गेलेल्यांचं पुढे काय झालं ते विचारायचं आणि वर्षातून एकदा वार्तापत्रात छापायचं. शेवटच्या पानांवर तुकडीवार नावं असायची आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ.

त्या ओळी वाचण्यात बाईंचा जन्म गेला. पहिल्या पाच वर्षांत माणसं नोकरीला लागतात आणि पगार सोडून सगळं कळवतात. मग लग्नं होतात. मग मुलं, तीही एकजात हुशार. ढ मूल एकाही माजी विद्यार्थ्याला झाल्याचं बाईंच्या वाचनात आलं नव्हतं. चाळिशीत प्रत्येक जण कुठल्या तरी समितीचा अध्यक्ष होतो, पन्नाशीत गुडघे धरतात. साठीनंतर फॉर्मवरचं अक्षर बदलतं, कारण कळवणारी सून असते. बाई स्वतः दुसऱ्या वर्षालाच शिक्षण सोडून या खुर्चीवर आल्या होत्या, त्यामुळे त्यांची ओळ कुठल्याच तुकडीत नव्हती. याचं त्यांना वाईट वाटायचं, पण ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

प्रश्न होता उत्तर न देणाऱ्यांचा. पहिल्याच अंकाच्या वेळी त्यांनी ती नावं कोरी सोडली, तर संपादक सरांनी मुद्रितं परत पाठवली.

"हे काय, बाई? पान बोळकं दिसतंय."

"त्यांचं काही कळलेलं नाही, सर. काय लिहू?"

"कुशल आहेत म्हणून लिहा. वाईट काही असतं तर कळलं नसतं का?"

सर पुढे निवृत्त झाले, वारले, त्यांचा फोटोही छापून झाला. सरांचे दोन शब्द मात्र राहिले. बाईंना ते सोयीचे पडले आणि खरं सांगायचं तर आवडायचेही. शंभर-सव्वाशे माणसं एका फटक्यात कुशल करून टाकायची, म्हणजे हात कसे हलके व्हायचे.

कामाची पद्धत ठरलेली होती. फॉर्म तपकिरी पाकिटातून जायचा आणि उत्तरासाठी त्यात तिकीट लावलेलं छोटं पांढरं पाकीट असायचं. पांढरं आलं म्हणजे उत्तर. तपकिरी परत आलं म्हणजे त्या पत्त्यावर माणूस नाही. ते न फोडता टेबलाच्या खालच्या खणात. लागोपाठ दोन वर्षं तपकिरी परत आलं की फॉर्म बंद आणि 'कुशल आहेत' कायम. वार्तापत्र मात्र रजिस्टरमधल्या घरच्या पत्त्यावर जातच राहायचं.

निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि बाई आपला शेवटचा अंक लावत होत्या, तेव्हा ते पत्र आलं. अक्षर बारीक होतं, एकही खाडाखोड नव्हती.

"आमचा मुलगा चोवीस वर्षांपूर्वी आपल्याकडून रसायनशास्त्राची पदवी घेऊन गेला. त्याचा आमच्याशी पत्रव्यवहार नाही. दोष माझा आहे. तो कुशल असल्याचे आपण दरवर्षी छापता. ती ओळ त्याची आई कात्रीने कापून वहीत चिकटवते. आता तिचे दुखणे हाताबाहेर गेले आहे आणि तिला त्याला एकदा बघायचे आहे. ज्या पत्त्यावरून त्याची बातमी येते, तो पत्ता काढून ठेवावा. मी येत्या मंगळवारी अकरा वाजता येईन. माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते, मी वेळेवर येतो."

बाईंनी जुने अंक काढले. पहिल्या वर्षी मुलाची ओळ खरी होती, 'रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सहायक'. दुसऱ्या वर्षापासून कुशल. बावीस वेळा कुशल.

खालचा खण उघडता उघडेना. शिपायाला बोलवावं तर तो विचारणार काय शोधताय, म्हणून बाईंनी टेबलाला पाय लावून तो स्वतःच ओढला. गठ्ठे वर्षावार दोरीनं बांधलेले होते. एकवीस वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात त्याचं पाकीट सापडलं. मागच्या बाजूला पोस्टमननं निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता, 'मयत'.

हा शब्द एकवीस वर्षं बाईंच्या पायाशी पडून होता. त्या रोज त्या खणाला चप्पल टेकवून बसत. त्यांनी पाकीट पालथं घातलं, पुन्हा उलटलं. आता इथेच थांबावं असं त्यांना फार वाटत होतं. पण लागोपाठ दोन आल्याशिवाय फॉर्म बंद होत नसे. म्हणजे आदल्या वर्षीचंही एक असणार.

ते होतं. त्याच्यावरचा मुलाचा पत्ता पेनानं खोडला होता आणि कोपऱ्यात छापलेल्या कक्षाच्या पत्त्याभोवती त्याच पेनानं चौकट काढली होती. तोंड दवाखान्यातल्या चिकटपट्टीनं बंद केलेलं, पट्टी पिवळी पडलेली. पांढरं पाकीट मध्येच कुठे गहाळ झालं असावं. त्यानं आहे तेच पाकीट परत धाडलं होतं, आणि तपकिरी म्हणून बाईंनी ते खणात टाकलं होतं.

पाकीट रिकामं नव्हतं. बाईंनी ते पर्समध्ये घालून घरी नेलं आणि वाटेत चारदा पर्स चाचपली.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. दोघी एकत्र राहत होत्या. बहीण विधवा, बाई बिनलग्नाच्या.

"फाडून टाक," बहीण म्हणाली. "दोन महिने राहिलेत तुझे. पत्ता सापडत नाही म्हणून सांग आणि मोकळी हो."

"त्याची आई वाट बघतेय, ताई."

"बघू दे की. मुलगा आहे असं धरून जाईल बिचारी. खरं सांगून तू काय देणार आहेस तिला?"

बहीण म्हणते ते चूक आहे असं बाईंना वाटेना. उलट हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. बहीण आंघोळीला गेल्यावर त्यांनी चिकटपट्टी सुरीनं उचलली आणि फॉर्म वाचला. त्या दिवशी त्यांनी डबा नेला नाही.

मंगळवारी अकराच्या ठोक्याला घड्याळजी आले. लहानखुरे, इस्त्रीचा शर्ट, काखेत वही. बसायच्या आधीच त्यांनी वही टेबलावर उघडली. एका पानावर एक, अशा कापलेल्या ओळी.

"ही बघा. एकही वर्ष चुकलेलं नाही. मीही वाचायचो, तिच्या खांद्यावरून. एकदा तिकीटसुद्धा काढलं होतं त्याला शोधायला जायचं. तेवढ्यात अंक आला. म्हटलं, मजेत आहे ना, मग मी कशाला नाक घासत जाऊ? हा असा मी. पत्ता सापडला ना?"

बाईंच्या तोंडाशी आलं होतं, नाही सापडला. तेवढ्या दोन शब्दांत सगळं मिटलं असतं. पण वहीतल्या त्या चिठोऱ्यांवर त्यांची नजर गेली. प्रत्येकीच्या कडा नीट सरळ कापल्या होत्या.

"या ओळी त्याच्याकडून आलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "पहिली सोडली तर सगळ्या मी लिहिल्यात."

"म्हणजे?"

"उत्तर आलं नाही की मी तसं लिहिते. सगळ्यांचंच. मला काही माहीत नसतं."

मग त्यांनी दोन्ही पाकिटं पुढे सरकवली. घड्याळजींनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, सवयीनंच. निळा शब्द त्यांनी बराच वेळ पाहिला. मग फॉर्म उलगडला. 'सध्याचा व्यवसाय' पुढे रेघ होती. 'पत्ता' पुढे रुग्णालय, छातीच्या आजारांचा विभाग, वॉर्ड चार. आणि खाली 'मित्रांना काही कळवायचे असल्यास' या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'बाबांना कळवा. घरचा पत्ता तुमच्या रजिस्टरला आहे. माझी पत्रं ते फोडत नाहीत, दोन तशीच परत आली. तुमचं फोडतील.'

पोर्चमध्ये कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"फोडलं असतं," ते म्हणाले. "विद्यापीठाचा शिक्का होता ना. हे मी फोडलं असतं."

बाई रडायला लागल्या. त्यांनी माफी मागितली. ती घड्याळजींनी ऐकली की नाही कळलं नाही. ते वही मिटत होते.

"घरी काय सांगाल?" बाईंनी विचारलं.

"मी काय सांगणार? माझ्यावर तिचा विश्वास नाही. मी त्याच्या वाईटावर आहे असंच तिला वाटतं, आणि का वाटू नये? तुमच्या अंकावर आहे विश्वास." ते उठले. "अंक कधी निघतोय?"

"शुक्रवारी."

"मग छापा. खरं काय ते छापा. ती कापून घेईल."

फॉर्म त्यांनी वहीत घालून नेला. पाकिटं तशीच ठेवून गेले.

बाईंनी मुद्रित पुढे ओढलं. चोवीस वर्षांपूर्वीची तुकडी, त्याचं नाव, पुढे तेच दोन शब्द. ते खोडून त्यांनी समासात लिहिलं: 'बावीस वर्षांपूर्वी रुग्णालयात होते, पुढच्या वर्षापर्यंत वारले. त्यांचे पत्र आले होते. आम्ही फोडले नाही.' खाली सही केली. वार्तापत्रात सही करायची पद्धत नव्हती.

मग त्यांची नजर पुढच्या नावावर गेली. कुशल आहेत. त्याच्या खालचं नाव, कुशल आहेत. त्याच पानावर अकरा जण कुशल होते.

बाईंनी टेबलाला पाय लावून खण पुन्हा ओढला. वरचा गठ्ठा सोडला आणि एकेक पाकीट उजेडात धरून पाहू लागल्या. पहिलं तसंच होतं, दुसरंही. तिसऱ्यावरचा पत्ता पेनानं खोडलेला होता.