गोऱ्याच्या सायकलचे आटे

सहदेव परबाला कुणी "जमेल का?" असं विचारलेलं खपत नसे. बावीस वर्षं गिरणीत फिटर होता. संपात गिरणी गेली, मग दहिसरच्या चेक नाक्यापाशी सायकल दुरुस्तीची टपरी टाकली. पण ऐट फिटरचीच राहिली. आधी पाना लावायचा, विचार नंतर.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी अहमदाबादच्या रस्त्याने आंद्रे नावाचा एक फ्रेंच तरुण आला. दिल्लीला सायकलसकट विमानातून उतरून अठरा दिवस तो हा नवा देश पायडल मारत बघत होता. आज ठाणे, पुढे कसारा घाट, मग नाशिक, वेरूळ, असा त्याचा बेत. पायडलच्या मुळाशी काहीतरी करकरत होतं. सहदेवने मान डोलावली आणि त्याला मागच्या चाळीत आंघोळीला पाठवून दिलं. सहदेवच्या बायकोने, मालनने, पाणी काढून ठेवलं होतंच.

आता आपल्या सायकलींत पायडलचा दांडा ज्या दोन वाट्यांत फिरतो, त्यांतली उजवी वाटी उलट्या आट्यांची असते. एरवी जिकडे फिरवून आपण आवळतो, तिकडे फिरवली की ती सुटते. सहदेवने त्याच सवयीने जोर लावला. वाटी हलेना. गंजली असणार, म्हणून रॉकेल सोडलं, पान्याला लांब पाइप अडकवला आणि पाय रोवून ओढलं. कट् आवाज झाला आणि वाटी गरगर फिरली. बोटांना लोखंडाचा चकचकीत कीस लागला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. फ्रेंच सायकलचे आटे सरळ होते, आणि सोडवतोय समजून तो वाटी आवळत बसला होता. फ्रेमच्या आतले आटे पार खाऊन टाकले होते.

त्याला दरदरून घाम फुटला. सांगायचं कसं? आणि कुठल्या तोंडाने? त्याने डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, फटीत सारली आणि वाटी ठोकून बसवली. करकर थांबली. आंद्रे खूश होऊन सहदेवचा ग्रीसने काळा झालेला हात हातात घेऊन हलवत राहिला. घोडबंदरचा रस्ता सुनसान, म्हणून सहदेवनेच त्याला आरे, पवई आणि मुलुंडवरून जायचं कागदावर काढून दिलं. सायकल हायवेला लागली.

मालन चहा घेऊन आली. "तोंड असा कित्याक केल्यात?"

सहदेवने खरं ते सांगितलं.

"पायडल घाटात सुटला तर?"

सहदेव फडक्याने पाना पुसत राहिला.

"मगे हंय बसान काय करतल्यात? जावा!"

अर्धा तास तर आधीच वाया गेला होता. सहदेवने आपली जुनी काळी सायकल काढली, पाना कमरेला खोचला आणि निघाला. पन्नाशीचं शरीर, गोरेगावलाच छाती भात्यासारखी चालायला लागली. आरेच्या चढावर एका दूधवाल्याला विचारलं, "गोरा बघितला काय रे, सायकलवर?" दूधवाला म्हणाला, "कधीच गेला, काका." पवईच्या तलावाजवळ भेळवाला म्हणाला, फोटो काढत होता, आताच उठला. सहदेव पुन्हा टांग मारून सुटला. डोळ्यांपुढे सारखा उतार दिसत होता, उतारावर लटपटणारं पायडल, आणि मागून येणारा ट्रक. देवा, त्याला कुठे भूक लागू दे, तहान लागू दे, पण थांबव. आग्रा रोडला भांडुप मागे पडलं तरी गोऱ्याचा पत्ता नव्हता. मुलुंड नाका ओलांडून ठाण्यात शिरला की गोरा सापडणार नाही, हे त्याला कळत होतं.

नाक्यावर जकातीसाठी ट्रकांची रांग लागली होती. त्या गर्दीत आंद्रे अडकलेला दिसला, तेव्हा सहदेवला हाक मारायलाही दम उरला नव्हता. त्याने जाऊन थेट हँडलच धरलं. खाली बसून पान्याच्या टोकाने पत्र्याची पट्टी उपटली आणि आंद्रेच्या हातावर ठेवली.

"मिस्टेक. माय मिस्टेक," तो म्हणाला. "घाट, डेंजर." पुढचे शब्द येईनात, तसे त्याने कान पकडले.

आंद्रेने वाटी हलवून बघितली. ती पाना न लावता बोटांनी फिरली. त्याचा चेहरा लालबुंद झाला. मग तो आपल्या भाषेत बराच वेळ ओरडला. ट्रकवाले उतरून बघायला लागले. सहदेवने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. ते त्याला ऐकायलाच हवं होतं.

भांडुपला गिरणीतला जुना सोबती, भाऊराव, लेथ चालवायचा. आंद्रे ओरडून थांबल्यावर सहदेवने त्याला खुणेने बोलावलं आणि दोघे सायकली ढकलत तिथे गेले. भाऊरावने फ्रेमच्या आत बसेल अशी कडी कातली आणि पितळ वितळवून झाळून पक्की केली. आता तिच्यात नवे आटे पाडायचे होते. ते काम हाताने, आणि हत्यार जरा तिरकं गेलं तर फ्रेम भंगारात.

"सहदेवा, तू बाजूला हो," भाऊराव म्हणाला. सहदेव निमूटपणे बाजूला झाला.

आंद्रेने भाऊरावच्या हातातून हत्यार घेतलं आणि सहदेवच्या हातात दिलं.

"मी नको रे," सहदेव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

 आंद्रे जमिनीवर बसला आणि त्याने फ्रेम दोन्ही गुडघ्यांत धरली. सहदेवने पहिला फेरा दिला. हत्यार किंचित हललं, तशी आंद्रेने फ्रेम आणखी घट्ट धरली.