जिन्याखालची गणिताची खोली

कॉलेजात तिला सगळे 'प्लस-सीबाई' म्हणत. इंटिग्रेशनचं गणित सोडवून झाल्यावर शेवटी 'प्लस सी', म्हणजे स्थिरांकाची भर, लिहायला कुणी विसरलं की ती वही तशीच परत करायची. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, राहायला थोरल्या बहिणीकडे. मुख्य वर्ग तिच्याकडे नव्हते. इंटिग्रेशनच्या पेपरात ज्यांची दांडी उडायची त्यांना वेगळं बसवून शिकवायचं, एवढंच तिचं काम. त्यासाठी कॉलेजने 'पूरक मार्गदर्शन कक्ष' काढला होता. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतीपलीकडे मुतारी. ओल वरपर्यंत चढलेली, आणि वास असा की खडू हातात धरला तरी बोटांना तोच वास येतोय असं वाटायचं.

पण तिला जास्त किळस यायची ती हजेरीच्या वहीची. फेरपरीक्षेला बसायचं तर कक्षात दहा वेळा हजेरी लागे. चाळीस जण यायचे, सही ठोकायचे आणि पाठ फिरवायचे. पहिल्या वर्षी तिने त्यांना दारात अडवलं. दुसऱ्या वर्षापासून ती मान खाली घालून त्यांच्या सह्यांखाली आपली सही करू लागली.

खरोखर बसायचे ते तिघं. त्यातली एक तिशीतली बाई. ती सकाळी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि दुपारी, हातावर वाफेचे चट्टे घेऊन, वर्गात बसायची. दहा वर्षांनी पुन्हा शिकायला आलेली. पोरं तिला इस्त्रीताई म्हणत. डोकं संथ चालायचं, पण एकदा धरलेलं सोडायची नाही.

एकदा साइनच्या वक्राचं शून्यापासून दोन पाय (π) पर्यंत इंटिग्रेशन करून इस्त्रीताईने शून्य उत्तर काढलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, इथे वर एक फुगवटा आहे, खाली एक आहे. क्षेत्रफळ शून्य कसं होईल?"

प्लस-सीबाईला इतका आनंद झाला की ती वासच विसरली. इंटिग्रेशन खालचा भाग वजा धरतं, म्हणून शून्य येतं. क्षेत्रफळ हवं असेल तर दोन्ही फुगवटे वेगवेगळे मोजून बेरीज करायची. दोन आणि दोन, चार. अर्धा तास त्या दोघी एवढ्यावरच बोलत होत्या.

मग कॉलेजची श्रेणी ठरवणारी तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. आठवड्याभरात ओलीवर रंग फासला गेला, नव्या खुर्च्या आल्या, कोपऱ्यात कुंडी आली. विभागप्रमुखांनी तिला बोलावून, अगदी गोड आवाजात, समजावलं की त्या दिवशी कक्षात पहिल्या वर्गात पास होणारी हुशार मुलं बसतील आणि आपल्याला इथल्या मदतीचा किती फायदा झाला ते सांगतील. नेहमीच्या तिघांना सुट्टी द्यावी. विशेषतः त्या इस्त्रीवाल्या बाईंना; त्या जरा बऱ्या दिसणार नाहीत.

ती "बरं" म्हणाली.

त्या दिवशी कच्च्या रंगाच्या वासाखालून मुतारीचा वास येतच होता. कडक कपड्यांतली सात मुलं, या खोलीत कधी पाऊल न टाकलेली, आपण कसे नापास होता होता वाचलो ते पाठ केलेल्या वाक्यांत सांगत होती. समितीतल्या एका गृहस्थांनी फळ्यावरच्या साइनच्या वक्राकडे बोट दाखवून क्षेत्रफळ विचारलं. सगळ्यांत हुशार मुलाने पटकन "शून्य" म्हटलं. गृहस्थांनी खूश होऊन मान डोलावली आणि कागदावर काहीतरी टिपलं.

"चूक आहे," प्लस-सीबाई म्हणाली. "चार."

विभागप्रमुख हसले, बाई फार काटेकोर आहेत म्हणाले आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. त्या हसण्याची तिला जी शिसारी आली, ती भिंतीच्या वासाचीही कधी आली नव्हती.

संध्याकाळी कक्षाचा अहवाल सहीला आला: चाळीस विद्यार्थी नियमित उपस्थित, सर्व समाधानी. तिने तो तसाच परत पाठवला. दुसऱ्या दिवशी कळलं की विभागप्रमुखांनी स्वतःच सही करून तो पाठवूनही दिला, आणि कॉलेजला वरची श्रेणी मिळणार आहे.

घरी तिने ताटावर बसून फक्त भात चिवडला. बहिणीने विचारलं, नोकरीचा एवढा वीट आलाय तर सोडून का देत नाहीस?

"नोकरीचा नाही गं ताई. दोन वर्षं त्या वहीत मीच सह्या केल्या. माझाच वीट आलाय."

दुसऱ्या दिवसापासून तिने पळणाऱ्यांच्या नावापुढे गैरहजर लिहायला सुरुवात केली. तक्रारी झाल्या. पंधरा दिवसांत हजेरीचं काम तिच्याकडून काढून एका कारकुनाकडे दिलं आणि खोलीला कुलूप लागलं. नव्या खुर्च्यांना जागा हवी होती म्हणे. ती तिघांना घेऊन वाचनालयाच्या मागच्या बाकांवर बसू लागली. तिथून उठवलं तेव्हा धोबीखान्यात, चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी. तिथल्या मुकादमाने इस्त्रीताईच्या शब्दाखातर एक टेबल मोकळं करून दिलं होतं.

फेरपरीक्षेत तिघांपैकी दोघं पास झाले. इस्त्रीताई चार गुणांनी राहिली. निकाल सांगायला आली तेव्हा ती रडली नाही. उत्तरपत्रिकेची प्रत पुढे ठेवून तिने, आपलं नेमकं कुठे चुकलं, एवढंच विचारलं. प्लस-सीबाईने चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.