भट्टीतली जागा

आमच्या कुंभारगल्लीत भट्टी एकच, गल्लीच्या टोकाला, सगळ्यांची मिळून. तिचा नियम सोपा होता: पूर्ण भरल्याशिवाय पेटवायची नाही. आत कुठे पोकळी राहिली की आच तिकडेच धावते. काही मडकी करपतात, काही कच्ची राहतात. आत प्रत्येक घराची जागाही पूर्वापार ठरलेली. त्यामुळे गल्लीत कितीही अबोला असो, भट्टी रचायच्या दिवशी सगळ्यांना एकमेकांशी बोलावंच लागे. आमची निम्मी भांडणं त्या भट्टीनेच मिटवली असतील.

पुढे प्लास्टिक आलं आणि एकेक चाक अडगळीत गेलं. कुणी रिक्षा घेतली, कुणी शिवणाचं मशीन. कोपऱ्यावरचं थोरलं घर कुलूप लावून शहरात गेलं ते गेलंच. मी कारकुनी धरली. चाकावर उरली एकटी माझी आत्या, ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली.

ती वर्षभर मडकी घडवायची, सगळ्यांच्या जागा भरतील इतकी, आणि उन्हाळ्यात एकदा भट्टी पेटवायची. त्यातली खपत किती, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा म्हणालो, "आत्या, आता जरा विसावा घे."

"आधी तुझ्या ऑफिसातल्या खुर्चीला घेऊ दे," ती म्हणाली, "भट्टी थंड पडली की गल्ली संपली."

मग जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याचे साहेब आले. माणूस भला होता. आमची गल्ली ऐतिहासिक ठरली होती. भिंतींची डागडुजी होणार होती, भट्टीभोवती कुंपण पडणार होतं.

"जपणार म्हणजे पेटवू देणार नाही?" आत्याने विचारलं.

"चालू असेल तर कुंपण नाही घालणार, आजी. पण चालू दिसायला हवी. या उन्हाळ्यात एकदा तरी."

नेमका त्याच वर्षी अर्धांगाने तिचा उजवा हात गेला होता. फळीवर जेमतेम चार मडकी होती. जन्मात कुणापुढे हात न पसरलेली ही बाई काठी टेकत रिक्षावाल्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझा हात गेला," ती म्हणाली. "तुझा आहे ना?"

दारोदार ती एवढंच बोलली. अडगळीतली चाकं बाहेर निघाली. रिक्षा उभी करून, शिवण बाजूला ठेवून माणसं मातीत बसली. मीही ऑफिसातून आलो की माती मळायचो. सुरुवातीच्या एका मडक्याला मान आहे की कुबड, हे ठरेना. आत्या बाजेवरून सगळ्यांचा उद्धार करायची आणि मधूनच पदराने डोळे पुसायची. तिला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

भट्टी रचायच्या दिवशी तिला ताप भरला. आम्हीच रचली. ज्याने त्याने आपापल्या जागेत आपापली मडकी मांडली. थोरल्या घराची जागा तशीच मोकळी राहिली. ठेवा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ती त्यांची जागा. तिथे कुणाचा हात गेलाच नाही. आम्ही भट्टीचं तोंड लिंपलं आणि जाळ घातला.

साहेबांनी धूर पाहिला, काळवंडलेले आमचे चेहरे पाहिले आणि कुंपण होणार नाही असं सांगून टाकलं.

भट्टी निवल्यावर उघडली. मोकळ्या जागेतून आच सरळ निघून गेली होती. तिच्या वाटेवरची मडकी काळीठिक्कर पडली होती, पलीकडची हात लावताच ढासळत होती. रिक्षावाला मटकन खाली बसला. मला मात्र शहाणपण सुचलं. "चला, कुंपण तरी टळलं," मी म्हणालो. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

आत्या माझ्या खांद्याचा आधार घेत आली. बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. आम्ही बोलणी खायच्या तयारीने माना खाली घातल्या होत्या.

"त्यांची म्हणून ठेवलीत?"

रिक्षावाला एक काळं पडलेलं मडकं हातात फिरवत राहिला.

"अरे, इतकी वर्षं मीच भरत होते ना ती." तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "पुढच्या वेळी कुणाची जागा ते बघू नका. जो आहे त्याने भरायची."

आम्ही माना हलवल्या. तिची बोटं माझ्या खांद्यावर आवळली.

"आणि माझी तर मुळीच मोकळी ठेवायची नाही. ऐकलंस?"

मला हो म्हणवेना.