चकचकीत नळी

आता कसं सांगू तुम्हाला, तो किस्सा आठवला की आजही माझं डोकं तापतं. कुणावर तापतं, ते शेवटी कळंलच.

पीएचडीसाठी मी सीताफळाच्या पानांचा रस वापरून चांदीचे नॅनोकण बनवले होते. मोठ्या मायक्रोस्कोपखाली मोजले, तर वीस नॅनोमीटर. गोल, देखणे. आता दुसरी साक्ष हवी होती. तेच कण काचेच्या चौकोनी नळीत, पाण्यात सोडायचे, त्यावर लेझर टाकायचा. विखुरलेल्या उजेडावरून मशीन माप सांगतं. दोन्ही मापांचा मेळ बसल्याशिवाय प्रबंध देऊ देणार नाही, असं आमच्या गाईड मॅडमनी बजावलं होतं.

मशीननं सांगितलं, हजार.

अरे, उजेडाचं माप थोडं जास्त येतं, मान्य. तीस म्हण, चाळीस म्हण. हजार?

मशीन सांभाळायचा माझ्याच बरोबरीचा मोहसीन. शहागंजचा, थंड डोक्याचा. त्या थंडपणानं तर माझं टाळकं आणखीच सटकायचं. महिनाभर त्याला फैलावर घेतलं, त्याच्यासोबतचा चहा तोडला. तो आपला एकच म्हणायचा, "मशीन कायकू झूट बोलेगी?"

शेवटी त्याला मॅडमसमोर उभं केलं. नळी धुतली, चकचकीत पुसली, नुसतं गाळलेलं पाणी भरलं आणि मशीनमध्ये ठेवली. पुन्हा हजार!

"बघा मॅडम, पाण्यात कुठून आले कण? भंगारात घाला हे."

मॅडम मशीनकडं नाय, माझ्या हाताकडं बघत होत्या. "नळी कशानं पुसलीस?"

"स्कार्फनं," मी ठसक्यात म्हटलं. पाहुण्याला पाणी देताना पेला आतून-बाहेरून पुसून द्यावा, ही माझ्या आईची शिकवण. आणि स्कार्फ कोणता? बजाजनगरहून स्कूटीवर येताना रोज तोंडाला गुंडाळलेला, वाळूजच्या कारखान्यांची धूळ प्यालेला.

मॅडमनी नळीतला थेंब साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. मी डोकावले. धूळच धूळ, मधोमध एक गुलाबी तंतू. मोठा कचरा असला की त्याच्या झगमगाटात बारके कण दिसत नायत, हे मीच ज्युनिअर पोरींना शिकवते, बोला!

दुसऱ्या दिवशी गाळलेल्या पाण्यानं नळी विसळली, नुसती उपडी ठेवून वाळवली. मग त्यात चांदीचे कण भरले, माप आलं पस्तीस. प्रबंध वाचला. मोहसीनची माफी मागितली, चहा पाजला. पण राग कुठंतरी निघायला हवा ना? घरी जाऊन आईवरच खेकसले, तुझ्या त्या पेला पुसायच्या शिकवणीनं माझा महिना वाया गेला म्हणून.

आईनं भाकरी उलटली. "व्हय, शिकवलं होतं पुसायला," ती म्हणाली. "धुतलेल्या फडक्यानं."