मॅडमचे नवे साहेब

परळच्या त्या छोट्या ऑफिसात मनवा मॅडमच्या लाल पेनाला सगळे टरकून असत. वाढदिवसाच्या कार्डातल्या चुकासुद्धा त्या सोडत नसत. त्यामुळे मॅडमना सातवा महिना लागला, तरी अभिनंदनाचं पत्र लिहायला कोणी धजेना. शेवटी घोडपदेवच्या सीमाताईंनी कागद ओढला.

गेल्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांची डावी बाजू लुळी पडली. व्यायाम करून घ्यायला घरी दुसरं कोणी नव्हतं. सीमाताईंनी रजेसाठी तोंडही उघडलं नव्हतं. मॅडमनीच चार वाजता त्यांची पर्स उचलून हातात दिली होती. "जा तुम्ही. बाकीचं मी बघते." असं आठ महिने, रोज. आता म्हातारा स्वतः नाक्यावर जाऊन पेपर आणतो.

मॅडम पेन उघडून पत्र मोठ्याने वाचू लागल्या. "अभिनंदन! श्रावणात तुमचे नवे साहेब रुजू होत आहेत. त्यांना बोलता येत नाही, फक्त ओरडता येतं. रजेचा अर्ज दिलात तर त्यावर शू करतील. लाल पेन दिसलं की तोंडात घालतील."

ऑफिस खो खो हसत होतं. शेवटची ओळ मात्र मॅडमनी मनातच वाचली : 'साहेब येईपर्यंत रोज चारला घरी जायचं. बाकीचं मी बघते.'

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अहो, पण दोन फायली राहिल्यात..."

"चार वाजून दहा झाले," सीमाताई म्हणाल्या आणि मॅडमची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली.